अँटेनाचे तोंड नागपूरकडे

१९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ नावाची हिंदी मालिका सुरू झाली. गाजर चावणारा, घरातही काळा चष्मा न काढणारा खासगी गुप्तहेर आणि त्याची भाबडी सहायक किटी. दर गोष्टीत एक खून, एक गोंधळलेला पोलीस अधिकारी, चार-पाच संशयित आणि शेवटी उलगडा. मालिका फार टिकली नाही. त्याच्या आठ वर्षे आधी, १९७७ मध्ये, मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मराठी मालिका आणली होती. तीही १९७९ पर्यंत आटोपली. मराठी टीव्हीचा इतिहास लिहिणारे विनोदी जोडगोळीचा आरंभ चिमणरावापासून धरतात आणि करमचंदला हिंदीच्या खात्यात टाकून मोकळे होतात.

मुंबई-पुण्यापुरते ते बरोबरच आहे. पण वर्धा शहराला चिकटलेल्या, कारभार ग्रामपंचायतीचा आणि जनगणनेच्या कागदांत मात्र ‘शहर’ ठरलेल्या पिपरी (मेघे) इथून हाच क्रम मांडायला बसलो तर तो उलटा होतो. इथे टीव्हीच्या पेटीतून आधी आला तो करमचंद. चिमणराव मागाहून आला आणि आला तोही मालिकेतला नव्हे. आठवणी वेगळे सांगतात, म्हणून आठवणी जरा बाजूला ठेवून कागद काय म्हणतात ते पाहू.

पहिला पुरावा क्षेपणाचा. मुंबईचे टीव्ही केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी पुनर्क्षेपण होऊ लागले. त्या तीन-चार वर्षांत श्रीनगर, अमृतसर, कोलकाता, चेन्नई, लखनौ अशी केंद्रे उघडली. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा उपग्रहाचा प्रयोग झाला तेव्हा हजारो खेड्यांत सरकारी टीव्ही संच बसले, पण ती खेडी राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटकातली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. प्रयोग संपल्यावर त्या भागांसाठी जयपूर, रायपूर, हैदराबाद, गुलबर्गा, मुझफ्फरपूर, संबलपूर अशी जमिनीवरची केंद्रे झाली. या सगळ्या यादीत नागपूर नाही. रायपूरला टीव्ही आला, गुलबर्ग्याला आला, त्या दोहोंच्या मध्ये पसरलेला विदर्भ कोरडाच राहिला.

मुंबई आणि वर्धा यांच्यात रेल्वेने साडेसातशे किलोमीटरचे अंतर आहे. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिज संपले की त्यांची धाव संपते. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेला चिमणराव सह्याद्री ओलांडून पुण्यापर्यंत पोचला तोच मुळी सिंहगडाच्या खांद्यावर बसून. १९७७ ते १९७९ या काळात वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात ती मालिका दिसणे शक्य नव्हते. यात मताचा प्रश्नच येत नाही.

मग दिसले काय आणि केव्हापासून? १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकी अवकाशयानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला आणि सगळा खेळ त्याने बदलला. १९८४ मध्ये काही महिने तर जवळजवळ रोज एक अशा गतीने क्षेपणकेंद्रे उघडत गेली, बहुतेक लघुशक्तीची. या केंद्रांचे काम एकच. उपग्रहावरून दिल्लीचे जे येईल ते आसपास फेकायचे. तिथे स्टुडिओ नाही, निवेदिका नाही, आपल्या भाषेतला शब्दही नाही. विदर्भाची टीव्हीशी ओळख झाली ती या मार्गाने, म्हणजे व्हाया दिल्ली.

दुसरा पुरावा छपरांवरचा. इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा मिळत नाही, पण माझ्या मते तो फार बोलका आहे. ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांची ती अँटेना ज्या दिशेला तोंड करून असेल तिकडचेच चित्र पकडते. वर्ध्याला दिसणारे केंद्र नागपूरचे, ते ईशान्येला, पाऊणशे किलोमीटरवर. बांबूला नाहीतर लोखंडी पाइपला बांधलेली अँटेना गच्चीवर एकाने फिरवायची, दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे, तिसऱ्याने टीव्हीपुढे बसून ओरडायचे: आलं, गेलं, अजून थोडं, बस. वारा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. त्या काळातले एखादे छायाचित्र हाती लागले, मागे घराचे छप्पर दिसत असले आणि घर कुठल्या रस्त्यावर आहे हे ठाऊक असले, तर त्या घराला कुठले केंद्र दिसत होते ते अँटेनाच्या तोंडावरून सांगता येते. पश्चिमेला, मुंबईकडे तोंड करून काही उपयोग नव्हता.

तिसरा कागद परवान्याचा. रेडिओसारखाच टीव्हीलाही पोस्टाचा परवाना लागे. एक लहान पुस्तिका, आत संचाचा तपशील, मालकाचे नाव-पत्ता आणि भरलेल्या शुल्काच्या नोंदी. कुठल्या गावात टीव्ही कधी शिरला हे सांगणारा याहून चांगला दस्तऐवज नाही, कारण तो घराघरापर्यंत जातो. दैवदुर्विलास असा की १९८०च्या दशकाच्या मध्यात, म्हणजे टीव्ही छोट्या गावांत खऱ्या अर्थाने पसरू लागला नेमक्या त्याच सुमारास, परवान्याची पद्धतच उठली. लोकांना पोस्टातल्या रांगेतून सुटका मिळाली आणि इतिहासाच्या हातून एक चांगले साधन गेले.

चौथा कागद दिल्लीचा. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करायला १९८२च्या अखेरीस पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला होता. त्याचा अहवाल १९८५ मध्ये छापून आला. करमचंदही त्याच वर्षीचा. दूरदर्शन दिल्लीभोवती फिरते, प्रांतांचे आणि खेड्यांचे जगणे त्यात उमटत नाही, ही त्या अहवालातली ठळक तक्रार. पिपरीच्या छपरावरची अँटेना हेच सांगत होती. फरक इतकाच की तिची तक्रार नव्हती. जे दिसेल ते बघायला शेजारपाजारचे जमत होते.

आता करमचंदकडे वळतो. इथे साधनांची अडचण कमी आहे, कारण खुद्द मालिकेचे भाग उपलब्ध आहेत आणि कुठल्याही समीक्षेपेक्षा तो पुरावा भक्कम. दिग्दर्शक पंकज पराशर, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले. त्याआधी १९८४ मध्ये त्यांचा ‘अब आयेगा मजा’ हा चित्रपट येऊन गेला होता. करमचंदच्या भूमिकेत पंकज कपूर, किटीच्या भूमिकेत सुश्मिता मुखर्जी. दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयातले.

भाग बघताना आधी जाणवतात ते त्यांच्या बोलण्याचे वेगवेगळे वेग. करमचंद शब्द मधेच तोडतो, वाक्य अर्धवट ठेवतो, भलतीकडे बघत असतो. किटी मात्र प्रत्येक गोष्ट पूर्ण वाक्यात, उत्साहाने, हात हलवून सांगते. तिचा तर्क साफ चुकतो. मग करमचंदचे ‘शट अप, किटी’ येते. आणि खुनी सापडला की किटीच्या तोंडून साहेबांच्या बुद्धीची वाखाणणी. या दोन ठरलेल्या खुंट्यांच्या मध्ये सगळी गोष्ट टांगलेली. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या प्रेक्षकाला मागचे काही आठवत नसले तरी चालावे, अशी ती रचना.

गाजराचीही एक गंमत आहे. अमेरिकेत १९७३ पासून ‘कोजॅक’ या पोलीस मालिकेतला टकला अधिकारी लॉलीपॉप चघळत असे. नायकाच्या तोंडात सिगरेटऐवजी काहीतरी पोरकट द्यायचे ही युक्ती जुनी. पण गाजर हे आपल्या बाजारातले, हातगाडीवरचे. कोटाच्या खिशातून गाजर काढून ते कडाडा मोडताना समोरच्या संशयिताला प्रश्न विचारायचा, म्हणजे तो माणूस उत्तराकडे लक्ष देणार की गाजराकडे? पंकज कपूर त्या क्षणी बघत असतात मात्र त्याच्याकडेच, चष्म्याआडून. खुळचटपणा हे गुप्तहेराचे हत्यार कसे होते ते या एका कृतीत दिसते.

किटीला गप्प बसवण्याचा विनोद आज खटकतो आणि तो खटकायलाच हवा. पगार देणारा पुरुष, सतत गप्प केली जाणारी बाई आणि वर तिनेच त्याची स्तुती करायची. योगायोगाने त्याच वर्षी, मार्च १९८५ मध्ये, अमेरिकेत ‘मूनलायटिंग’ ही मालिका सुरू झाली. तिथेही न जुळणारी गुप्तहेर जोडी, पण कचेरी बाईच्या मालकीची आणि भांडण बरोबरीचे. आपल्याकडे दूरदर्शनवर तेव्हा बाई भांडत नव्हती असे नाही. त्याच १९८५ साली प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडत होती. पण रजनीचे भांडण व्यवस्थेशी होते, घरातल्या किंवा कचेरीतल्या साहेबाशी नव्हे. तरीही सुश्मिता मुखर्जींचे काम बारकाईने पाहिले तर किटी मूर्ख वाटत नाही. ती ऐकून घेते, क्षणभर थांबते आणि पुढच्या दृश्यात तेवढ्याच खात्रीने नवा चुकीचा तर्क मांडते. दटावण्याचा तिच्यावर ओरखडाही उठत नाही. अर्धी मालिका त्या न उठणाऱ्या ओरखड्यावर चालली आहे.

वर्ध्याच्या माणसाला इथे एक आडवळण घ्यावेसे वाटणारच. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२च्या ‘गांधी’ चित्रपटात पंकज कपूर यांनी प्यारेलाल यांची भूमिका केली आहे. प्यारेलाल नय्यर म्हणजे गांधीजींचे चिटणीस. सेवाग्राम आश्रमाच्या जीवनाशी त्यांचा निकटचा संबंध आणि त्यांच्या भगिनी डॉ. सुशीला नय्यर यांनी तर १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. म्हणजे वर्धा शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या माणसाची भूमिका करून हा नट पुढे गुप्तहेर झाला. चित्रपट नोव्हेंबर १९८२च्या अखेरीस दाखवला गेला, प्यारेलाल त्याच्या महिनाभर आधीच वारले होते. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. हिंदी आवृत्तीत बेन किंग्जलींच्या गांधींना आवाज पंकज कपूर यांचा आहे. पडद्यावर चिटणीस आणि आवाजातून महात्मा, अशी दुहेरी चाकरी करून आलेल्या नटाच्या पुढच्या गाजलेल्या पात्राचे नाव निघाले करमचंद, म्हणजे गांधीजींच्या वडिलांचे. हे जाणूनबुजून केले असे सांगणारा कागद नाही, म्हणून मी त्याला योगायोगच म्हणतो. पण हा योगायोग मुंबईकराच्या आधी सेवाग्रामच्या रस्त्यावर सायकल मारणाऱ्याच्या लक्षात यावा, हे साहजिक आहे.

मालिका अल्पजीवी का ठरली? त्याचे उत्तर करमचंदच्या गुणदोषांत नाही, व्यवहारात आहे. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग आले. निर्मिती बाहेरच्या निर्मात्याची, खर्च प्रायोजकाचा, बदल्यात प्रायोजकाला जाहिरातीचा वेळ. मंजुरी साधारणपणे तेरा आठवड्यांच्या हिशेबाने, म्हणजे वर्षाची एक तिमाही. ‘हम लोग’ दीडशेच्या वर भागांपर्यंत गेली हा अपवाद. बाकीच्यांनी तेरा किंवा त्याच्या पटीत काय ते उरकायचे आणि जागा मोकळी करून द्यायची. एकच वाहिनी, रात्रीचे मोजके तास आणि दाराबाहेर निर्मात्यांची रांग. त्या काळातल्या बहुतेक मालिका आजच्या मानाने अल्पायुषीच दिसतात. आज जे अपयश वाटते तो तेव्हाचा रिवाज होता.

याच व्यवहाराने आणखी एक गोष्ट ठरवली, आणि ती इतिहासलेखकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. करमचंद टिकला, चिमणराव पुसला गेला. चिमणरावची मालिका मुंबई दूरदर्शनच्या स्वतःच्या स्टुडिओत, स्वतःच्या निर्मात्यांनी केली. याकुब सईद आणि विजया जोगळेकर ही त्यामागची नावे. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. एक किरकोळ, बावरलेला, पुणेरी कारकुनी अंगाचा, दुसरा धिप्पाड, दांडगा, काठी आपटत बोलणारा. त्या काळी चित्रफीत महाग होती, परदेशातून येई आणि कार्यक्रम झाला की तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरली जाई. सरकारी कचेरीत याला काटकसर म्हणत. चिमणरावच्या बहुतेक भागांची वाट अशी लागली. प्रायोजित मालिकेत मात्र निर्माता बाहेरचा, त्यामुळे टेपवर हक्क सांगणारा, ती जपण्यात ज्याचा स्वार्थ आहे असा एक माणूस असे. विनोदाचा दर्जा, लोकप्रियता, भाषा यांचा जगण्या-मरण्याशी संबंध नाही. टेप कोणाच्या कपाटात होती यावर सगळे ठरले.

आणि हे घडले कोणाच्या कथांच्या बाबतीत? चिं. वि. जोशी पाली भाषेचे पंडित, बडोद्यात प्राध्यापक आणि पुढे बडोदा संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी. जुने कागद सांभाळणे ही त्यांची नोकरीच होती. ते १९६३ मध्ये वारले. आपल्या चिमणरावाचे चित्रण कुणी पुसून त्यावर दुसरे काही नोंदवेल, ही कल्पना त्यांनी स्वतःच एखाद्या कथेत वापरली असती आणि ते काम नेमके गुंड्याभाऊच्या हातून करवले असते, असे मला आपले वाटते.

आता आठवणींचा हिशेब. चिमणराव टीव्हीवर पाहिला असे आमच्याकडची साठी ओलांडलेली माणसे सहज सांगतात. ती खोटे बोलत नाहीत. १९७९ मध्ये विनय धुमाळे यांनी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट काढला आणि मुख्य भूमिकांत हीच जोडी ठेवली, प्रभावळकर आणि बाळ कर्वे. तेच चेहरे, तोच कोट, तीच काठी. चित्रपटाला क्षितिजाची अडचण नसते, रिळांचे डबे रेल्वेने कुठेही जातात. पुढे मराठी वाहिन्या आल्या, १९९४ मध्ये मुंबई दूरदर्शनची प्रादेशिक वाहिनी उपग्रहावर गेली, जुने मराठी चित्रपट घरात दिसू लागले आणि वाचलेल्या थोड्या भागांचे तुकडेही फिरू लागले. वीस वर्षांनी मागे वळून पाहताना चित्रपट, तुकडे, शाळेत वाचलेला धडा आणि मुंबईच्या मासिकांत वाचलेले कौतुक यांची एकच आठवण होते, आणि तिच्यावर १९७७ची तारीख चिकटते. पुण्याच्या माणसाची आठवण पाहण्याची, वर्ध्याच्या माणसाची जुळवलेली. दोघे सांगतात मात्र एकाच शब्दांत.

मराठी वाचकाला गुप्तहेर नवा नव्हता, हे इथे सांगायला हवे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही मंडळी गावोगावच्या वाचनालयांतून कव्हरे फाटेपर्यंत वाचली गेली. धनंजय आणि छोटू ही जोडीच आहे, पण एक श्रेष्ठ आणि दुसरा त्याचा निष्ठावंत, असा तिचा बाज. तिथे थरार होता, थट्टा नव्हती. मराठी टीव्हीने पुढे गुप्तहेर घेतला तो अर्नाळकरांकडून नाही, पोलीस ठाण्यातून. ‘एक शून्य शून्य’मध्ये शिवाजी साटम, ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये रमेश भाटकर. दोन्ही गंभीर, खाकी आणि कर्तव्यदक्ष. चिमणरावासारखा भित्रा माणूस आणि गुंड्याभाऊसारखा आडदांड यांना एखाद्या खुनाच्या मागे लावून द्यावे हे कोणा मराठी निर्मात्याला कसे सुचले नाही, याचे मला नवल वाटते. साहित्य हाताशी तयार होते. कदाचित विनोद म्हणजे घर, चाळ, शेजारी आणि लग्न, आणि गुन्हा म्हणजे पोलीस, अशी आपल्या निर्मात्यांच्या डोक्यात कायमची वाटणी झाली असावी.

करमचंद २००७ मध्ये सोनी वाहिनीवर परत आला. दिग्दर्शक पुन्हा पराशर, गुप्तहेर पुन्हा पंकज कपूर, किटी मात्र सुचेता खन्ना. याही वेळी मुक्काम थोडकाच. तोवर छपरावरच्या अँटेना उतरल्या होत्या, केबलवर शंभर वाहिन्या येत होत्या आणि गाजर खाणाऱ्या माणसाकडे बघायला थांबण्याचे कारण उरले नव्हते. त्याच सोनीवर जानेवारी १९९८ पासून ‘सीआयडी’ चालू होती. ती काढणारे बी. पी. सिंग मूळचे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन, ‘एक शून्य शून्य’ करणारे तेच. एसीपी प्रद्युम्न झाले शिवाजी साटमच. मराठी मालिकेतला गंभीर पोलीस हिंदीत गेला आणि वीस वर्षे तिथे राहिला. आणि त्या गंभीर ब्युरोत थोडी गंमत हवी म्हणून एक भोळसट, बायकोला आणि भुतांना भिणारा इन्स्पेक्टर ठेवला होता, फ्रेडरिक्स. ते काम करत होते दिनेश फडणीस, मुंबईचे मराठी नट. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी आधी आठवले ते त्यांचे विनोद. त्यांनी लावलेले गुन्ह्यांचे छडे कोणाच्या लक्षात नव्हते.